परतीचा बोजारा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आमच्या गल्लीत बैल येतात. खरे बैल आदल्या दिवशीच तोरणाखालून जाऊन, पुरणपोळी खाऊन, रंगवलेली शिंगं मिरवत गोठ्यात परतलेले असतात. हे त्यांचे लाकडी धाकटे भाऊ. वीतभर उंचीचे, चार चाकांवर उभे, गळ्यात एकच घुंगरू आणि पाठीवर झुलीच्या नावाखाली आईच्या जुन्या ब्लाउजपिसाचा तुकडा. सुतळी धरून ओढणारा मालक बैलापेक्षा फार मोठा नसतो. दाराशी आलं की बैल थांबतो, मालक थांबतो आणि दोघंही सारख्याच गरीब डोळ्यांनी माझ्याकडे पाहतात. मग दोघांपैकी ज्याला बोलता येतं तो म्हणतो, "काका, बोजारा."

विदर्भाबाहेरच्या पाहुण्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. तान्ह्या पोळ्याला पोरं नंदी सजवून घरोघर जातात, घरातली बाई नंदीला ओवाळते, आणि नंदीच्या मालकाच्या हातावर जे काही पडतं तो बोजारा. मुलांना बैलाचं मोल कळावं म्हणून नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी हा सण सुरू केला, असं सांगतात. अमेरिकेतली पोरं ऑक्टोबरच्या अखेरीस भुतांचे मुखवटे घालून अशीच दारोदार गोळ्या मागतात म्हणे, पण त्यांच्या मागण्यात थोडी धमकी असते. आमच्याकडे धमकीची गरज पडत नाही. सागवानी बैलाच्या डोळ्यात डोळे घालून नाही म्हणणारा माणूस अजून आमच्या गडचांदुरात जन्मायचा आहे. आणि सागवान म्हणजे तरी कुठलं? याच आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं, ज्याचं लाकूड २०२३ साली वाजतगाजत अयोध्येच्या मंदिराला गेलं. मोठी खोडं देवाच्या दाराला लागली, उरलेल्या चिपाट्यांचे बैल झाले आणि ते माझ्या दाराला आले.

माझ्या सात वर्षांच्या मुलीचाही एक नंदी आहे. त्याचा एक कान मागच्या वर्षी तुटला, तो तिने आगपेटीच्या पुठ्ठ्याने पुन्हा लावून दिला. २०२५ साली पोळा २२ ऑगस्टला आला होता. त्या संध्याकाळी मी तिला बैल बघायला घेऊन गेलो, तर ओळखीच्या एका शेतकरीदादांनी कौतुकाने तिला बैलाचं तोंड उघडून दाखवलं. बैलाचं वय दातांवरून ओळखतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि सगळे आले की जुळलेला. माणसाचं वय ओळखायला एवढी साधी सोय असती तर कितीतरी लग्नं वेळीच मोडली असती. मुलीने वाकून नीट पाहिलं आणि दचकून मागे सरली. "याला वरचे दातच नाहीत!" शेतकरीदादा हसले. "बैलाले वरते समोरचे दात नसतेच, बाई. गाईलेही नसते. तिथं नुसती हिरडी." परतताना ती बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "बोजारा खाल्ला असेल त्याने." तिचे खालचे दोन दात मागच्या वर्षी पडून नवे आले होते आणि वरचा एक पुढचा दात महिनाभरापासून हलत होता. जिभेने तो पुढे ढकलायचा, मागे ओढायचा, हा तिचा त्या दिवसांतला मुख्य उद्योग होता. दिंडी दरवाजा वाऱ्याने हलावा तसा तो दात हलायचा आणि मी बघत राहायचो.

दातांच्या बाबतीत मी थोडा भित्रा माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. त्या साली पोळ्यानंतर पाचव्याच दिवशी गणपती बसले, मग भुलाबाईची खिरापत, दसरा, कोजागिरी, दिवाळी. दोन महिने आमच्या घरातल्या मुंग्यांनासुद्धा सुट्टी नसते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला एकदा सांगितलं होतं की दुधाचे वीस दात पडणारच असतात म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. ते पक्क्या दातांची जागा धरून बसलेले असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांच्या मागे एक दाढ गुपचूप उगवते, एकही दात न पाडता. आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि तिथेच कीड लागते. ती दाढ जन्मभराची असते. हे ऐकल्यापासून मी मुलीला जांभई आली की टॉर्च घेऊन धावतो.

तर त्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी आमच्या बोजाऱ्याच्या ताटाची आणि मुलीच्या पिशवीची, दोन्हीकडची राखण करत ओट्यावर बसलो होतो. माझा नियम सोपा होता. ती एक फेरी मारून आली की पिशवी माझ्यासमोर ओतायची. राजगिऱ्याची वडी, फुटाणे, बिस्किटं तिची. दाताला चिकटणाऱ्या गोळ्या माझ्या. माझ्या म्हणजे मी खाणार नव्हतो. जप्त माल मी सरळ आमच्या ताटात टाकत होतो आणि पुढच्या बैलाच्या मालकाला वाटत होतो. पहिल्याच फेरीत एक नारिंगी कागदाची, बोटभर लांब, चिकट गोळी आली. ती तिला सोडवत नव्हती. सोडण्यापूर्वी तिने कागदाचा एक कान चावून पाहिला आणि मगच ती माझ्या हातावर ठेवली. मी ती तिसऱ्या घरच्या मुलाला दिली. तो फार गोड मुलगा आहे, त्याने थँक्यू म्हटलं आणि बैलालाही मान हलवायला लावली. पाऊण तासाने माझी मुलगी दुसरी फेरी संपवून आली, पिशवी ओतली आणि त्यात ती गोळी होती. तोच नारिंगी कागद, तोच चावलेला कान.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. तिसऱ्या घरच्या वहिनींचाही तोच नियम होता. त्यांनी मुलाच्या पिशवीतून चिकट गोळ्या उचलल्या, आपल्या ताटात टाकल्या आणि दारात आलेल्या पहिल्या पोरीच्या हातावर ठेवल्या. ती पोर माझी होती. त्या दुपारी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने आपल्या लेकराचे दात वाचवले आणि शेजारच्याचे धोक्यात घातले. आणि सगळा माल फिरून जागच्या जागी आला. आमच्या गावात धुळीचंही असंच चालतं. सकाळी आपण अंगण झाडून ती शेजारच्याच्या फाटकाकडे लोटायची, दुपारी शेजारच्याने आपल्याकडे. संध्याकाळी वारा हिशेब चुकता करतो. मी ती गोळी पुन्हा ताटात टाकायला गेलो, आणि हात थांबला. आता ती गोळी राहिली नव्हती, ओळखीचं माणूस झाली होती. खिशात ठेवली.

हे धुळीचं काढलं म्हणून सांगतो. गडचांदुराच्या पोटात चुनखडी आहे, म्हणून आजूबाजूला सिमेंटचे कारखाने आहेत, आणि कारखाने आहेत म्हणून आम्ही एवढे सगळे इथे आहोत. एखाद्या उंचवट्यावरून पाहिलं तर खाणी दिसतात. पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरत गेलेले पांढुरके खड्डे, पावसाळ्यात तळाशी हिरवट पाणी. मला दरवेळी तिथे एक मोठी दाढ दिसते. वरून हिरवी झुडपं, सगळं ठीक. आणि मधेच पोकळ. एका गावाने डोंगराची दाढ कोरून पोट भरावं आणि घरी येऊन पोरांना कीड लागू नये म्हणून ओरडावं, यातली गंमत मला पुष्कळ वर्षं कळली नव्हती. मुलीला कीड म्हणजे काय ते समजावताना कळली. रस्त्याकडेचा चुनखडीचा एक दगड आणून मी त्यावर लिंबू पिळलं. दगडाला बारीक फेस आला. ती खूश झाली. मी म्हणालो, बघ, आंबटाने दगडसुद्धा विरघळतो. दात काही चुनखडीचे नसतात, पण कॅल्शियम दोन्हीकडे आहे, आणि आंबटाशी वैरही दोन्हीकडे. गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्यातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. अर्धा तास ते आम्ल दाताचा वरचा थर उकरत बसतं.

"आणि मग?"

मग लाळ येते. लाळ म्हणजे तोंडातला गवंडी. तिच्या घमेल्यात कॅल्शियम असतं, फॉस्फेट असतं. ती आम्ल धुते, उकरलेली जागा पुन्हा लिंपते. पण गवंड्याला वेळ लागतो. एका बैठकीत चार गोळ्या खाल्ल्या तर एकदाच खोदकाम होतं आणि मग दिवसभर लिंपण. एकेक गोळी तासातासाने चघळली तर गवंडी आपला थापी हातात घेऊन उभाच राहतो आणि खोदणारे चहासुद्धा प्यायला थांबत नाहीत. सिमेंटच्या गावातल्या मुलीला हे पटकन कळलं. तिने दोन मिनिटं विचार केला. म्हणाली, "मग बाबा, दोष लिंबाचाच ना? लिंबू सरबत बंद कर." मी तो दगड उचलून तुळशीपाशी ठेवला. शास्त्रज्ञांनाही असेच प्रश्न येत असतील, फक्त घरून येत नसतील.

माझ्या लहानपणी बोजाऱ्यात मूठभर फुटाणे, गुळाचा खडा आणि नशीब जोरावर असेल तर चाराण्याचं नाणं मिळायचं. दातांना घोर नव्हता, कारण गोड येण्याला ऋतू होता. मोहफुलं चैत्राच्या आसपास. पहाटे झाडाखाली पिवळट सडा, वाळवलेली फुलं मनुकांसारखी दाढेला चिकटायची आणि पळसाच्या काडीने काढावी लागायची. मग टेंभरं. मग काही महिने काहीच नाही. गवंड्याला सुगी होती. आणि तरीही आमच्या घरात दातांचा खरा संहार साखरेने नव्हे, दातवणाने केला. आजी रोज सकाळी गुडाखू घासायची. गुडाखूत तंबाखू असते आणि काकवी. म्हणजे दात घासायच्या वस्तूतच दात पाडायची दोन्ही औषधं. तर्जनी काळी करून ती ओट्यावर तासभर बसायची आणि मधेच आमच्यावर ओरडायची, "गूळ खाऊ नका रे, दात किडतील." शेवटी तिचे दोनच दात उरले, वर एक आणि खाली एक, तेही समोरासमोर नाहीत. बोलणं बंद झालेल्या भावांसारखे ते आपापल्या जागी होते आणि एकमेकांच्या वाट्याला जात नव्हते. पुरणपोळी मात्र ती शेवटपर्यंत खात होती. कशी, ते कोणी विचारलं नाही.

आता गुडाखू दिसत नाही तेवढी, तर खर्रा आला. सुपारी, तंबाखू आणि चुना. म्हणजे पुन्हा आमची चुनखडीच. पन्नीत घोटून घोटून तो असा मऊ करतात की पाहणाऱ्याला वाटावं, एखाद्या आजाऱ्यासाठी मोठ्या मायेने काही कुटताहेत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि शेजारच्या गडचिरोलीत मुक्तिपथ या व्यसनमुक्ती मोहिमेची माणसं गावोगाव खर्रा सोडवायला फिरतात. तरीही पानठेल्यापुढच्या मातीत पन्न्या रुतलेल्या असतात, बियाणं पेरावं तशा. त्या दुपारी एक वडीलधारे गृहस्थ पानठेल्याकडून आले, गालात खर्रा होता म्हणून मान वर करून, आमच्या ताटापाशी थांबले. मुलीच्या हातातली पिशवी त्यांनी पाहिली. बोलायचं तर तोंड मोकळं हवं. ते नालीपर्यंत गेले, मोकळे झाले, परत आले. "बेटा, गोड नाही खायचं. दात खराब होतात." एवढं सांगताना त्यांचे सगळे दात दिसले. मुलीने ते एकेक करून पाहिले आणि मान डोलावली. माझ्या टॉर्चपेक्षा त्या एका दर्शनाचा परिणाम जास्त झाला असावा.

तिच्या वर्गात दोन-तीन मुलं अशी आहेत, जी गोड खात नाहीत आणि तरी हसताना तोंडावर हात ठेवतात. आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांच्या जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि लहानपणी तेच पाणी पोटात गेलं, की पक्के दात येतानाच पांढरे, तपकिरी चट्टे घेऊन येतात. तेच फ्लोराईड टूथपेस्टमध्ये वाटाण्याएवढं वापरलं तर दात राखतं. म्हणून डॉक्टरीणबाई सांगतात, पेस्ट थुंका, पण नंतर खळखळून चूळ भरू नका, थोडी राहू द्या. त्या पोरांनी काहीच चोरून खाल्लेलं नाही. त्यांनी हापशाचं पाणी प्यायलं. त्यांच्यापैकी एक मुलगी त्या दिवशी नंदी घेऊन आली होती, आणि मी तिला मुद्दाम विचारलं, बैलाचं नाव काय. ती सांगताना विसरली आणि हसली. हात सुतळीत गुंतले होते.

संध्याकाळी मी मुलीला समोर बसवून विपेहोल्मची गोष्ट सांगायला घेतली. स्वीडनमध्ये लुंड शहरात त्या नावाची एक संस्था होती. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफ्या खाऊ घालून त्यांचे दात किडतात का ते पाहिलं. नको म्हणणं त्यांना येत नव्हतं. हा भाग मी तिला सांगितला नाही, पण मला तो विसरताही येत नाही. आपण आज जे सहज म्हणतो, गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते महत्त्वाचं, ते त्या लोकांच्या दातांतून आलेलं आहे. तिला मी फक्त शेवट सांगितला. त्यानंतर स्वीडनमध्ये रीत पडली की मुलांनी आठवड्याचं सगळं गोड शनिवारी खायचं. बाकीचे सहा दिवस गवंड्याचे. "आपणही तसंच करू या का? फक्त शनिवारी?"

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तेवीस ऑगस्ट. "आज शनिवारच आहे, बाबा."

आई आतून भजी तळता तळता म्हणाली, "हरला नं बापा. खाऊ दे पोरीले. वर्षातून एकदा तर येते तान्हा पोळा." आईचा दातांच्या बाबतीत वेगळाच भरवसा. त्या दिवशी पहाटे तिने दारातल्या पळसाच्या फांद्या उचलून वेशीबाहेर टाकायला दिल्या होत्या. नागपुरात पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक १८८५ पासून निघते. आमच्याकडे एवढा थाट नाही, पण मारबतीला हाक घालून खोकला, ताप, रोगराई गावाबाहेर धाडायची रीत आहे. त्या यादीत आईने सकाळी आपल्या अधिकारात नातीच्या दातांतले किडे घातले होते. मारबतीकडे काम सोपवल्यावर आणखी वर टॉर्च घेऊन फिरणाऱ्या मुलावर तिचा विश्वास का बसावा?

जेवण झालं. जेवणानंतर लगेच खाल्लेलं बरं, खोदकाम एकाच वेळी उरकतं, असं म्हणून मी खिशातून ती नारिंगी गोळी काढली. दिवसभराच्या प्रवासाने ती थोडी वाकली होती. मुलीने कागद उघडला, चावलेल्या कानाकडून. पहिला घास तोडला आणि तिचे डोळे मोठे झाले. तोंडातून गोळी बाहेर काढली. तिच्यात, केकावर चेरी लावावी तसा, दात उभा होता.

रडली नाही. आरशात जाऊन आली, जीभ त्या नव्या खिडकीतून बाहेर काढून पाहिली, दात धुतला, उरलेली गोळी पुरावा म्हणून कागदात गुंडाळून ठेवली. आमच्या जुन्या घराला कवेलू होते. पडलेला दात वर भिरकावला की कवेलूंच्या फटीत कुठे तरी उंदराच्या हवाली व्हायचा आणि उंदीर आपल्यासारखा बळकट दात पाठवायचा. आता स्लॅब आहे. रिमझिम चालू होती. तिने अंगणातून सगळा जोर लावून दात वर फेकला. स्लॅबवर तो टक् वाजला, पुन्हा एकदा टक्, मग काही नाही. आम्ही तिघं वर पाहत उभे राहिलो. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या पावसाच्या पाइपमधून एक बारीक खुळखुळ उतरत आली, आणि पाण्याबरोबर दात तिच्या पायाशी येऊन थांबला.

"परत पाठवला," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. तो दिवसच तसा होता.

रात्री मी पेस्ट वाटाण्याएवढी काढून हाक मारली, तर ती दाराशी बसलेली. नंदी मांडीवर आडवा. तिने उरलेली गोळी बोटात मळून मऊ केली होती आणि तिच्या लुकणाने तो दात बैलाच्या वरच्या ओठाखाली बसवत होती. नीट बसेपर्यंत दाबून धरला, मग बैल उभा केला, उजेडाकडे वळवला. एका कानाचा पुठ्ठा, एक घुंगरू, आणि अवघ्या गोवंशात कोणालाच नसलेला वरचा एक पुढचा दात. स्वतःचं तोंड उघडून तिने त्याला आपली हिरडी दाखवली.

सकाळी उठून पाहिलं तर बैलाच्या तोंडापासून उंबरठ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.